वायव्य मँचेस्टर : एक मतदारसंघ, दोन निवडणुका

जानेवारी १९०६ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत उदारमतवादी पक्षाने ६७० जागांच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये सुमारे चारशे जागा मिळवल्या आणि दहा वर्षे सत्तेवर असलेला हुजूर पक्ष मित्रपक्षासह दीडशेच्या घरात घसरला. या निकालाचा इतिहास बहुधा लंडनमधील नेत्यांच्या हालचालींवरून सांगितला जातो. परंतु उमेदवार मतदारांपुढे नेमके काय बोलत होते, कोणाला कोणते वचन देत होते आणि मतदार त्यांच्याकडून काय वदवून घेत होते हे पाहायचे असेल, तर एखाद्या मतदारसंघातच उतरावे लागते. त्या दृष्टीने वायव्य मँचेस्टरइतका बोलका मतदारसंघ क्वचितच सापडेल. तेथे विन्स्टन चर्चिल आणि विल्यम जॉइन्सन-हिक्स हे दोघे सव्वादोन वर्षांच्या अंतराने दोनदा समोरासमोर उभे राहिले. पहिल्या खेपेस चर्चिल १,२४१ मतांनी जिंकले, दुसऱ्या खेपेस ४२९ मतांनी हरले. माणसे तीच, वस्त्या त्याच आणि मतदारही बव्हंशी तेच असताना असा पालट का झाला, याचे उत्तर उमेदवारांच्या वक्तृत्वापेक्षा मतदारांच्या निरनिराळ्या गटांनी त्यांच्यापुढे मांडलेल्या मागण्यांत अधिक सापडते.

त्या काळचा ब्रिटिश मतदार म्हणजे प्रौढ नागरिक असे समीकरण नव्हते. १८६७ आणि १८८४ च्या सुधारणा कायद्यांनी मताधिकार घरमालक, भाडेकरू कुटुंबप्रमुख आणि ठरावीक भाडे भरणारे खोलीधारक यांच्यापर्यंत पोहोचवला होता, तरी एकाच ठिकाणी वर्षभर वास्तव्याची अट असल्यामुळे सतत घर बदलणारा कामगार यादीबाहेर राही, आणि गरिबांसाठीच्या सरकारी मदतीवर जगणाऱ्याचे नाव यादीतून वगळले जाई. प्रौढ पुरुषांपैकी साधारण साठ टक्क्यांनाच मत होते. पार्लमेंटच्या निवडणुकीत स्त्रियांना ते मुळीच नव्हते. उलट ज्याचे घर एका मतदारसंघात आणि दुकान किंवा वखार दुसऱ्यात, अशा माणसाला दोन्हीकडे मत टाकता येई. मतदान सर्व देशात एकाच दिवशी न होता तीन-चार आठवडे चालत असल्याने ही सवलत नुसती कागदावर राहत नसे. वायव्य मँचेस्टरमध्ये शहराचा व्यापारी भाग येत होता. तेथे कापडाच्या वखारी, पेढ्या आणि कचेऱ्या होत्या, आणि दिवसा तेथे धंदा करून संध्याकाळी उपनगरातल्या घरी परतणारे व्यापारी सात मैलांच्या आत राहत असतील तर त्या जागेच्या बळावर तेथले मतदार ठरत. त्याच मतदारसंघाच्या दुसऱ्या टोकाला, चीटम हिलच्या परिसरात, रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यूंची दाट वस्ती होती, आणि आयरिश कॅथलिक मतदारांची संख्याही दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती.

प्रचाराला कायद्याची चौकट होती. १८७२ पासून मतदान गुप्त झाले होते, आणि १८८३ च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्याने मतदारसंख्येच्या प्रमाणात उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घातली होती. पैसे देऊन प्रचारक नेमणे, मतदारांना केंद्रावर नेण्यासाठी भाड्याची वाहने लावणे, बँडबाजा, मशाली, झेंडे, फिती यांवर खर्च करणे हे सारे बेकायदा ठरले होते. त्यामुळे घरोघरी जाण्याचे काम स्वयंसेवकांवर येऊन पडले, आणि ते करणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता: हुजूर पक्षासाठी प्रिमरोझ लीग आणि उदारमतवाद्यांसाठी स्त्रियांचे लिबरल संघ हे काम करत. स्वतःला मत नसलेल्या बायका मतदाराच्या दारात उभ्या राहून त्याने मत कोणाला द्यावे हे त्याला पटवून देत होत्या, आणि दोन्ही पक्षांना त्यात काही विसंगत वाटत नव्हते.

१९०६ चा मुख्य प्रश्न भाकरीचा होता. मे १९०३ मध्ये जोसेफ चेंबरलेन यांनी बर्मिंगहॅम येथे मांडलेल्या योजनेनुसार परदेशी मालावर जकात बसवून साम्राज्यातील वसाहतींच्या मालाला सवलत द्यायची होती. नंतर त्यांनी तिचा तपशील दिला तेव्हा परदेशी धान्याच्या दर क्वार्टरमागे, म्हणजे आठ बुशेलच्या मापामागे, दोन शिलिंगांपर्यंत जकात त्यात होती. पंतप्रधान आर्थर बॅलफोर यांनी परदेशाने जकात लावल्यास प्रत्युत्तरादाखल जकात अशी मधली वाट काढून पक्ष एकत्र ठेवण्याचा प्रयत्न केला, पण दोन्ही बाजूंचे समाधान त्यातून झाले नाही. मँचेस्टरमध्ये हा वाद साध्या करआकारणीचा राहणे शक्यच नव्हते. धान्यावरील आयात जकात १८४६ मध्ये रद्द करवणारी चळवळ याच शहरातून चालली होती, शहरातील सर्वात मोठ्या सभागृहाचे नावच फ्री ट्रेड हॉल होते, आणि बाहेरून कापूस आणून जगभर कापड विकणाऱ्या शहराची रोजीरोटी खुल्या व्यापारावर, म्हणजे मालावर संरक्षक जकात न लावण्याच्या धोरणावर, उभी होती. चर्चिल मूळचे हुजूर पक्षाचे आणि १९०० पासून ओल्डमचे सदस्य. परंतु याच प्रश्नावर त्यांनी ३१ मे १९०४ रोजी पक्ष सोडून उदारमतवाद्यांच्या बाकावर जागा घेतली होती. मँचेस्टरच्या खुल्या व्यापाराच्या कैवाऱ्यांना, त्यांत काही हुजूर व्यापारीही होते, असा उमेदवार हवाच होता.

त्यांचे प्रतिस्पर्धी जॉइन्सन-हिक्स हे लंडनचे वकील, चर्च ऑफ इंग्लंडच्या कडव्या प्रोटेस्टंट पंथाचे आणि मद्याला न शिवणारे. मूळचे आडनाव हिक्स. मँचेस्टरच्या एका रेशीम कारखानदाराच्या मुलीशी विवाह झाल्यावर त्यांनी सासरचे नाव जोडून घेतले होते, त्यामुळे शहराशी त्यांचे नाते अगदीच उपरे नव्हते. त्यांच्या बाजूने चर्चिल यांचे पक्षांतर हे सर्वात हाताशी असलेले शस्त्र होते, आणि हुजूर पक्षात असताना चर्चिल उदारमतवाद्यांविषयी काय काय बोलले होते याची पुस्तिकाच छापून वाटण्यात आली. एका सभेत ती चर्चिल यांच्यासमोर धरण्यात आली, तेव्हा आपण त्या पक्षात असताना पुष्कळ मूर्खपणाची विधाने केली आणि ती पुढेही करावी लागू नयेत म्हणूनच तो पक्ष सोडला, असे सांगून त्यांनी पुस्तिका सर्वांदेखत फाडून टाकली. आरोप नाकारत बसण्यापेक्षा तो कबूल करून विरोधकावरच उलटवण्याची ही हातोटी त्या काळच्या सभांना फार मानवणारी होती. कारण तेव्हाची सभा म्हणजे शांतपणे ऐकण्याचे व्याख्यान नसे, श्रोते मध्येच प्रश्न टाकत, टोमणे मारत, आणि ज्याला तोंडातोंडी उत्तर देता येत नाही असा उमेदवार दुबळा समजला जाई.

भाषणांइतकेच काम चित्रांनी केले. खुल्या व्यापाराचा मोठा पाव आणि जकातीचा छोटा पाव अशी जोडी उदारमतवाद्यांनी भित्तिपत्रकांवर आणि सभांतून इतक्या वेळा दाखवली की चेंबरलेन यांच्या योजनेतील साम्राज्य, वसाहती, उद्योगसंरक्षण हा सारा पसारा मागे पडून घरातील जेवणाचे ताट तेवढे पुढे राहिले. हा युक्तिवाद सोपा केलेला होता, पण खोटा नव्हता. ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणीत करारबद्ध करून नेलेल्या सुमारे पन्नास हजार चिनी मजुरांच्या प्रश्नाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. या मजुरांना बंदिस्त आवारात राहावे लागे आणि त्यांना फटके मारल्याचेही उघडकीस आले होते, त्यामुळे संतापाला खरे कारण होते. परंतु साखळदंडातील चिनी माणसांची चित्रे भिंतीवर लावताना करुणेबरोबर त्या चेहऱ्याविषयीची भीतीही जागवली जात होती आणि स्वस्त परदेशी मजुराविषयीच्या धास्तीला खतपाणी घातले जात होते. निवडणूक झाल्यावर, २२ फेब्रुवारी १९०६ रोजी, वसाहत खात्याचे उपमंत्री या नात्याने खुद्द चर्चिल यांनीच पार्लमेंटमध्ये कबूल केले की या पद्धतीला शब्दाच्या टोकाच्या अर्थाने गुलामगिरी म्हणणे अचूक होणार नाही. मते पदरात पडल्यानंतरची ही कबुली उदारमतवाद्यांच्या प्रचारावरील डाग म्हणूनच नोंदवली पाहिजे.

चर्चिल यांना आपले मतदार कितपत ठाऊक होते, याची एक खूण त्यांचे सचिव एडवर्ड मार्श यांनी नोंदवून ठेवली आहे. प्रचाराच्या दिवसांत दोघे मँचेस्टरच्या गरीब वस्तीतून पायी चालले असता चर्चिल यांच्या तोंडून उद्गार निघाले की अशा गल्लीत राहायचे, कधी काही सुंदर पाहायचे नाही, चवीचे खायचे नाही आणि हुशारीचे बोलायचेही नाही, म्हणजे काय जगणे असेल. त्यात कळवळा आहे, आणि आपल्यापेक्षा निराळ्या माणसांविषयीचे घोर अज्ञानही आहे. जुन्या उमरावी घराण्यातला हा एकतीस वर्षांचा उमेदवार आणि त्या गल्ल्यांतील माणसे यांच्यामध्ये दुवा जोडणारी एकच गोष्ट तेव्हा होती, आणि ती म्हणजे पाव महाग होण्याची भीती.

याच खुल्या व्यापाराची दुसरी बाजू मुंबईत दिसत होती. मँचेस्टर ज्या परगण्यात होते त्या लँकेशायरच्या कापडाचे सर्वात मोठे गिऱ्हाईक भारत होते, आणि भारत सरकारने महसुलासाठी परदेशी कापडावर आयात जकात बसवली तेव्हा तिचा लाभ देशी गिरण्यांना होऊ नये म्हणून लँकेशायरच्या दडपणाखाली १८९६ पासून भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तितकाच, साडेतीन टक्के, अबकारी कर लादण्यात आला होता. मुंबईचे गिरणीमालक त्याविरुद्ध तक्रार करत होते आणि गोपाळ कृष्ण गोखले कायदेमंडळातील अर्थसंकल्पाच्या भाषणांत त्यावर बोट ठेवत होते. मँचेस्टरच्या मतदाराला खुला व्यापार म्हणजे स्वस्त पाव. मुंबईच्या गिरणीला त्याचा अर्थ आपल्याच बाजारात आपल्याच मालावर परक्याच्या सोयीसाठी बसवलेला कर. वंगभंगाच्या घोषणेनंतर ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली, त्याला मँचेस्टरच्या मतदानापूर्वी जेमतेम तीन महिने झाले होते. ज्यांच्या अंगावर मँचेस्टरचे कापड होते त्या कोट्यवधी लोकांना त्या निवडणुकीत आवाज नव्हता, हे खुल्या व्यापाराच्या त्या उदात्त भाषणांविषयी बोलताना विसरणे अन्यायाचे होईल.

१३ जानेवारी १९०६ रोजी मँचेस्टरमध्ये मतदान झाले. वायव्य मँचेस्टरमध्ये चर्चिल यांना ५,६३९ आणि जॉइन्सन-हिक्स यांना ४,३९८ मते पडली. पूर्व मँचेस्टरमध्ये नुकतेच पंतप्रधानपद सोडलेले बॅलफोर स्वतः पराभूत झाले, आणि मँचेस्टर व शेजारचे सॅल्फर्ड मिळून नऊच्या नऊ जागा हुजूर पक्षाच्या विरोधकांकडे गेल्या. याच निवडणुकीत मुंबईशी जन्मभराचा संबंध असलेले दोन पारशी उमेदवारही हरले. बेथनल ग्रीनमधून १८९५ पासून निवडून येणारे हुजूर पक्षाचे मंचेरजी भावनगरी लाटेत वाहून गेले, तर ऐंशी वर्षांचे दादाभाई नौरोजी उत्तर लॅम्बेथमध्ये उदारमतवादी पक्षाच्या अधिकृत उमेदवाराहून वेगळे उभे राहिल्यामुळे तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. त्याच वर्षअखेर दादाभाईंनी कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून स्वराज्याची मागणी मांडली.

एप्रिल १९०८ मध्ये हर्बर्ट अ‍ॅस्क्विथ पंतप्रधान झाले आणि त्यांनी चर्चिल यांना व्यापार मंडळाचे अध्यक्ष म्हणून मंत्रिमंडळात घेतले. अठराव्या शतकाच्या आरंभापासूनच्या नियमानुसार असे पद स्वीकारणाऱ्या सदस्याची जागा रिकामी होई आणि त्याला पुन्हा मतदारांकडे जावे लागे. राजाने पदे वाटून सदस्यांना आपल्या मुठीत ठेवू नये हा त्यामागचा मूळ हेतू होता. पुष्कळदा विरोधक अशी जागा बिनविरोध सोडत, परंतु हुजूर पक्षाने येथे जॉइन्सन-हिक्स यांना पुन्हा उभे केले. धंदा मंदावला होता, बेकारी वाढू लागली होती, आणि मुख्य म्हणजे जकातीची भीती आता दूरची झाली होती, कारण पार्लमेंटमध्ये खुल्या व्यापाराचे प्रचंड बहुमत बसलेले होते. भीती ओसरताच तिने एकत्र आणलेले गट आपापल्या मागण्या घेऊन निरनिराळ्या वाटांनी उमेदवाराच्या दारात उभे राहिले.

खुल्या व्यापारासाठी १९०६ मध्ये चर्चिल यांच्या मागे आलेले हुजूर व्यापारी पुष्कळ अंशी स्वपक्षाकडे परतले. ज्यू मतदारांचा सवाल सरळ होता: परदेशातून येणाऱ्या निर्धन स्थलांतरितांना बंदरावर अडवणारा १९०५ चा कायदा हुजूर सरकारने केला, त्याआधीच्या विधेयकाला चर्चिल यांनी जोरकस विरोध केला होता, मग दोन वर्षे सत्ता हाती असूनही उदारमतवाद्यांनी तो कायदा रद्द का केला नाही, आणि नागरिकत्वासाठीची पाच पौंडांची जबर फी कमी का झाली नाही? आयरिश मतदारांपुढे पेच अधिक अवघड होता. चर्चिल यांनी होमरूलला, म्हणजे आयर्लंडच्या अंतर्गत स्वराज्याला, अनुकूल विधान केल्यावर राष्ट्रवादी नेत्यांचे समाधान झाले, पण सरकारच्या नव्या शिक्षण विधेयकामुळे कॅथलिक शाळांचे काय होणार या चिंतेने धर्मगुरू विरोधात गेले. एकाच मतदाराला राष्ट्र एकीकडे आणि धर्म दुसरीकडे ओढत होता.

त्यात परवाना विधेयकाची भर पडली. चौदा वर्षांच्या मुदतीत दारूच्या गुत्त्यांचे हजारो परवाने कमी करण्याची ती योजना होती, आणि तिच्याविरुद्ध मद्य कारखानदार, गुत्तेवाले आणि त्या कंपन्यांचे लहानमोठे भागधारक एक झाले. स्वतः निर्व्यसनी असलेले जॉइन्सन-हिक्स त्यांचे उमेदवार ठरले. याच विधेयकातील एका तरतुदीने गुत्त्यात काम करणाऱ्या बायकांच्या, म्हणजे बारमेडच्या, नोकरीवर निर्बंध घालण्याचा मार्ग मोकळा होत होता. दारूबंदीच्या कैवाऱ्यांना ही सुधारणा वाटत होती. मँचेस्टरमध्ये कामगार स्त्रियांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या ईव्हा गोर-बूथ आणि एस्थर रोपर यांना ती गरीब बायकांच्या पोटावर पाय देणारी वाटत होती, आणि त्यांचे म्हणणेच न्यायाचे होते. ज्यांची नोकरी जाणार होती त्यांना मत नव्हते, म्हणून ईव्हाची बहीण कॉन्स्टन्स मार्कीविच चार पांढऱ्या घोड्यांची गाडी स्वतः हाकत मतदारसंघातून फिरली आणि गाडीच्या टपावरून भाषणे झाली. तुला स्वयंपाक येतो का, असे गर्दीतून एकाने विचारले, तेव्हा येतो, पण तुला चार घोड्यांची गाडी हाकता येते का, असा तिने उलट सवाल केल्याचे सांगतात. डिसेंबर १९१८ मध्ये हीच स्त्री हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आलेली पहिली महिला ठरली. आयरिश प्रजासत्ताकवादी म्हणून तिने तेथील जागा मात्र घेतली नाही.

स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी पँकहर्स्ट मायलेकींची संघटना तर सरकारच्या कोणत्याही उमेदवाराला पाडायचे या धोरणानेच उतरली होती. १९०६ मध्ये तिच्या कार्यकर्त्यांनी सभांत अडथळे आणले तेव्हा बायकांच्या कटकटीला बळी पडून आपण इतक्या गंभीर प्रश्नावर शब्द देणार नाही, असे चर्चिल म्हणाले होते. ते उत्तर कोणी विसरले नव्हते. डाव्या बाजूने रेल्वेच्या कामात एक पाय गमावलेले समाजवादी डॅन आयर्विंग उभे राहिले, आणि समाजवाद्यांनी आपली मते वाया न घालवता चर्चिल यांना द्यावीत असे कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी जाहीर आवाहन केले.

२४ एप्रिल १९०८ रोजी मतमोजणीत जॉइन्सन-हिक्स यांना ५,४१७, चर्चिल यांना ४,९८८ आणि आयर्विंग यांना २७६ मते निघाली. पराभवाचे खापर समाजवादी उमेदवारावर फोडता येण्यासारखे नव्हते, कारण त्याची सगळी मते चर्चिल यांच्याकडे वळली असती तरी ते १५३ मतांनी मागेच राहिले असते. मात्र दोघांतील अंतर असे होते की दहा हजारांहून अधिक मतदारांपैकी २१५ जणांनी बाजू बदलली असती तर निकाल फिरला असता. म्हणून कॅथलिकांपासून गुत्तेवाल्यांपर्यंत आणि मताधिकारवादी स्त्रियांपर्यंत प्रत्येक गटाला विजय आपलाच म्हणण्याची सोय होती. यातल्या कोणालाही स्वार्थी ठरवणे योग्य नाही. १९०६ मध्ये एका भीतीच्या बळावर मिळालेला पाठिंबा उदारमतवाद्यांनी कायमचा गृहीत धरला आणि त्या त्या गटाला दिलेला शब्द दोन वर्षांत पाळला नाही, हीच त्यांची चूक होती.

दोन आठवड्यांत चर्चिल स्कॉटलंडमधील डंडी येथून निवडून आले. जॉइन्सन-हिक्स यांना जानेवारी १९१० मध्ये त्याच मतदारांनी घरी बसवले, आणि १९१८ च्या फेररचनेत वायव्य मँचेस्टर हा मतदारसंघच उरला नाही. भारतीय गिरण्यांच्या कापडावरील अबकारी कर १९२५ च्या अखेरीस थांबवण्यात आला. त्याच्या एक वर्ष आधी, १९२४ मध्ये, स्टॅन्ली बाल्डविन यांच्या हुजूर मंत्रिमंडळात चर्चिल अर्थमंत्री आणि जॉइन्सन-हिक्स गृहमंत्री म्हणून एकत्र आले होते. तिशीच्या आतील स्त्रियांना तेव्हाही मत नव्हते. ते पुरुषांच्या बरोबरीने देण्याचा शब्द १९२५ मध्ये जॉइन्सन-हिक्स यांनी पार्लमेंटमध्ये दिला, मंत्रिमंडळात चर्चिल यांनी त्याला विरोध केला, आणि १९२८ मध्ये गृहमंत्री या नात्याने जॉइन्सन-हिक्स यांनी मांडलेल्या विधेयकाने एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीला मताधिकार मिळाला.